डावा पाय कुठे ठेवायचा?

गाडी डेंटिंग-पेंटिंगला चार दिवस अडकली की शोरूमवाले कधी कधी बदली गाडी देतात. ‘कोर्टसी कार’ म्हणतात तिला. देण्यातही हिशेब असतो. गिऱ्हाइकाची स्वतःची गाडी सात-आठ वर्षं जुनी, हाताने गिअर टाकायची असली, तर त्याच्या हातात टॉप मॉडेल ठेवायचं: ऑटोमॅटिक, सनरूफ, गार हवेच्या सीटा, चारी बाजूंचे कॅमेरे. चार दिवसांत चटक लागली की पुढचा सौदा निम्मा झालाच. त्यात गैर काही नाही. पण चावी देणारा सल्लागार “काही नाही सर, ब्रेक दाबायचा आणि डीत, म्हणजे ड्राइव्हला, टाकायचं” एवढं सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, आणि गाडी फाटकातून थेट सोलापूरच्या विजापूर रोडच्या गर्दीत उतरते. रिक्षा, सिटी बस, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल, सगळं एकदम समोर. अशा वेळी अडचण उजव्या हाताची नसते, डाव्या हाताचीही नसते. अडचण असते डाव्या पायाची.

वीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय हा डोक्याला विचारून काम करत नाही. वेग कमी झाला की तो आपोआप उचलला जातो आणि तळापर्यंत आपटतो, कारण क्लच तसाच दाबायचा असतो. ऑटोमॅटिकमध्ये तिथे क्लच नाही. तिथे ब्रेकच्या पेडलची डावी कड आहे, कारण या गाड्यांचं ब्रेकचं पेडल मुद्दाम रुंद केलेलं असतं. उजवा पाय ब्रेक हळुवार दाबतो, त्याला पंजाचा अंदाज असतो. डाव्या पायाला तो अंदाजच नाही. मग गाडी ताशी तीस किलोमीटरवरून जागच्या जागी थांबते, मागच्या सीटवरची पिशवी पुढे येते आणि मागचा दुचाकीवाला डिकीवर. पहिल्या दिवशी उपाय एकच: डावा पाय बाजूच्या पायटेकीवर ठेवायचा, आणि तिथेही राहत नसेल तर गुडघ्यात वाकवून सीटकडे मागे ओढून ठेवायचा. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर रोवायची आणि फक्त पंजा अ‍ॅक्सिलरेटरकडे तिरका करायचा. टाच उचलून पाय इकडून तिकडे नेणाऱ्यांचाच घाईत चुकून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो.

सीटही त्यामुळेच नव्याने लावावी लागते. साध्या गाडीत क्लच पूर्ण दाबता यावा म्हणून माणूस पुढे सरकून बसतो, आणि तीच सवय घेऊन इथे बसला की गुडघा डॅशबोर्डला लागतो. ऑटोमॅटिकमध्ये माप घ्यायचं ते ब्रेकवरून. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. आधी सीटची उंची आणि अंतर, मग पाठ, मग स्टिअरिंग, शेवटी आरसे. उलट क्रमाने गेलं तर आरसे दोनदा लावावे लागतात. सीटला मेमरीची बटणं असतील तर आपलं माप दोन नंबरवर साठवावं. एक नंबर बहुधा शोरूमच्याच कुणाचा तरी असतो, आणि चुकून तो दाबला गेला की चालत्या गाडीत सीट सावकाश पुढे सरकू लागते अशी भीती मात्र नको; बहुतेक गाड्या चालताना ते होऊ देत नाहीत.

आता गिअर. ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द बाजारात एकच असला तरी आत चार वेगवेगळी यंत्रं असतात, आणि कोणतं हे कळल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. एकाच नावाच्या गाडीतही फरक असतो. २०२४ नंतरच्या क्रेटाचंच घ्या: साध्या पेट्रोलला आयव्हीटी, म्हणजे सीव्हीटीच, टर्बो पेट्रोलला ड्युएल क्लच, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर. मागच्या पाटीवर नाव तेच, स्वभाव तीन.

सर्वांत सोशिक टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक डबा. इंजिनच्या बाजूचं पातं तेल फिरवतं, त्या तेलाच्या जोराने समोरचं पातं फिरतं. घासायला तिथे काही नाही, म्हणून रांगत रांगत चालवलं तरी तक्रार नाही. सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन कप्प्या आणि त्यांवर फिरणारा पोलादी पट्टा किंवा साखळी. जोरात दाबलं की आधी आवाज चढतो आणि वेग मागून येतो. गिऱ्हाइकाला वाटतं क्लच घसरतोय. घसरत नाही, तो तसाच असतो. अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला की आवाज उतरतो आणि वेग तेवढाच राहतो. ड्युएल क्लच म्हणजे दोन क्लच, एक विषम गिअरांसाठी, एक सम गिअरांसाठी. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखं झटपट दुसरं काही नाही. आणि एएमटी म्हणजे आपलाच साधा गिअरबॉक्स, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मात्र मोटर आणि पंप बसवलेले. भारतात ही २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आली आणि स्वस्त म्हणून पसरली. एएमटीत गिअर बदलताना मान पुढे-मागे होते. त्या क्षणी पाय किंचित सैल केला, जसा आपण स्वतः गिअर टाकताना करतो, तर धक्का बराच कमी होतो.

ओळखायची खूण लीव्हरवर असते. त्यावर पी (पार्क) नसेल, फक्त आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी असेल, तर ती बहुतेक एएमटी. पी असेल तर बाकी तिघांपैकी एक.

हे माहीत करून घ्यायचं कारण गर्दी. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की सिद्धेश्वर मंदिराच्या आजूबाजूला, किंवा एरवीही संध्याकाळी नव्या पेठेत, गाडी दोन-दोन फुटांनी सरकते. ड्युएल क्लच आणि एएमटी यांच्यात अशा सरकण्यात क्लच अर्धा लागलेला, अर्धा सुटलेला राहतो आणि तापतो. कोरड्या क्लचवाल्या गाड्या तर तापल्यावर पडद्यावर इशारा देतात, आणि तरी ऐकलं नाही तर जोर कमी करतात. म्हणून रांगायचं नाही. पुढची गाडी दोन फूट सरकली तरी ब्रेकवर पाय ठेवून थांबायचं, गाडीभर जागा झाली की एकदाच पुढे जायचं. त्या मोकळ्या जागेत तीन दुचाकी आणि एक रिक्षा घुसणार हे गृहीत धरायचं. घुसू द्यायच्या, क्लचपेक्षा स्वस्त पडतं. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची साध्या गाडीतली हुशारी तर इथे क्लचचा जीव घेते. ब्रेकच वापरायचा. चढावर ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय बहुतेक टॉप मॉडेलमध्ये असते, तेवढा वेळ पाय हलवायला पुरतो.

ब्रेकवरून पाय काढला की डीमध्ये गाडी स्वतःच हळू पुढे जाते. नवख्याला हेच घाबरवतं, आणि पार्किंगमध्ये याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. अरुंद जागेत लावताना अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. ब्रेक सोडत-धरत गाडी आत न्यायची. पुढून मागे बदलताना चाकं पूर्ण थांबलेली हवीत. साध्या गाडीत थोडी चालती असताना रिव्हर्स पडत नाही, कुरकुर करून ती आपल्याला शिकवते. ही कुरकुर करत नाही. पुढे कधीतरी बिल देते.

पी हा एक छोटा लोखंडी दात आहे, तो गिअरबॉक्सच्या दातेरी चाकात अडकतो. एवढंच त्याचं काम. सोलापूर शहर तसं सपाट, चढ म्हणजे उड्डाणपूल आणि कॉम्प्लेक्सच्या तळघरात उतरणारा रॅम्प. पण त्या रॅम्पवर गाडी थांबवून नुसतं पी टाकलं, तर गाडी इंचभर ओघळते आणि दीड टनाचं ओझं त्या दातावर येऊन थांबतं. परत निघताना लीव्हर जड लागतो आणि ‘खट्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकला की समजावं क्रम चुकला. बरोबर क्रम असा: पायाचा ब्रेक दाबलेला ठेवून एन, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, आणि मग पुन्हा ब्रेक दाबून पी. हँडब्रेकच्या जागी नुसतं बटण असेल तर ते वर ओढलं की ब्रेक लागतो. लाल दिवा दिसला पाहिजे. एएमटीत पी नाही, म्हणून इंजिन बंद करताना गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक घट्ट.

पीचा आणखी एक परिणाम होतो. दुसऱ्याच्या गाडीच्या मागे आडवी लावायची, न्यूट्रलला सोडायची आणि “ढकला लागली तर” म्हणून निघून जायचं, ही बाजारातली रीत या गाडीला चालत नाही. इंजिन बंद केल्यावर बऱ्याच गाड्या स्वतःहून पीमध्ये जातात. चार माणसं लावली तरी हलत नाही, आणि मालकाला शोधत लोक फिरतात. बॅटरी उतरली तर धक्का स्टार्टही विसरायचं. जंप केबल लागते, नाहीतर सपाट पाठीची टोइंग गाडी. चालकी चाकं, म्हणजे इंजिन फिरवतं ती, रस्त्यावर टेकलेली ठेवून दोरीने ओढत नेलं, तर आतलं तेल फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो. दुसऱ्याची गाडी, गिअरबॉक्सची किंमत लाखात. चावीची छोटी बॅटरी मात्र संपली तर घाबरायचं कारण नाही: तीच चावी, म्हणजे फोब, स्टार्ट बटणाला टेकवून दाबली की बहुतेक गाड्या चालू होतात.

तुळजापूरला जाताना घाट लागतो. लहानच आहे, पण उतरताना डीत सोडून नुसता ब्रेक धरून येणारे बरेच दिसतात. डी उतारावर वरचा गिअर पकडते, इंजिन गाडीला अडवत नाही, सगळं ओझं ब्रेकवर. मॅन्युअल बाजूला लीव्हर ओढून किंवा स्टिअरिंगमागच्या पाकळीने तिसरा, वळण तीव्र असेल तर दुसरा लावावा. सीव्हीटीत एल किंवा एस असतो, तो याचसाठी. उतारावर एन टाकून तेल वाचवायची युक्ती तर साफ चुकीची. गिअरमध्ये असताना पाय काढला की आताची इंजिनं इंधनाचा पुरवठा तोडतातच.

दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला की गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली उतरतो आणि मग जोर येतो. मध्ये अर्धा-एक सेकंद जातो. साध्या गाडीत हा वेळ आपण आधीच गिअर टाकून वाचवलेला असतो, म्हणून तो जाणवत नाही. इथे समोरून एसटी येत असताना जाणवतो. आधी मॅन्युअलला घेऊन गिअर उतरवावा, इंजिनचा आवाज चढलेला ऐकावा, मगच बाहेर निघावं.

पुणे रस्त्याला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५ ला लागलं की गाडीतली बाकीची ‘माणसं’ जागी होतात. लेनच्या मधोमध ठेवणारं स्टिअरिंग, पुढच्या गाडीशी अंतर राखून ठरवलेला वेग धरणारा क्रूझ कंट्रोल, आपोआप लागणारा ब्रेक. पहिल्यांदा स्टिअरिंग स्वतः वळतं तेव्हा चाक निखळल्यासारखं वाटतं. इंडिकेटर न देता लेन बदलली की पांढऱ्या पट्टीपाशी हाताला आतल्या बाजूने एक ओढ लागते, कुणी लहान मुलाने मनगट धरून ओढावं तेवढीच. इंडिकेटर दिला की ओढ जाते. थोडक्यात गाडी शिस्त मागते, आणि आपल्याकडे खड्डा चुकवताना इंडिकेटर देण्याची पद्धत नाही. जिथे पट्टे पुसलेत किंवा काम चालू आहे तिथे हे बटण दाबून बंद ठेवलेलं बरं. गाडी पुन्हा चालू केल्यावर काही सोयी आपोआप परत चालू होतात, हेही लक्षात असू द्यावं.

आपोआप लागणारा ब्रेक बंद करू नये, पण त्याच्यावर भिस्तही ठेवू नये, विशेषतः गळीत हंगामात. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, एकामागे दोन ट्रॉल्या, ऊस ट्रॉलीच्या बाहेर चार-पाच फूट लोंबलेला, मागे दिवा नाही, असलाच तर उसाच्या वाड्यामागे, म्हणजे शेंड्याच्या पाल्यामागे, दडलेला. गाडीचा कॅमेरा मोटार, ट्रक, दुचाकी, माणूस असे आकार ओळखायला शिकवलेला असतो. रात्री अंधारात ताशी पंधरा किलोमीटरने चाललेला उसाचा ढिगारा त्याच्या यादीत बसेलच असं नाही, आणि रडारला ट्रॉलीचं लोखंड दिसलं तरी त्याच्या मागे लोंबणारा ऊस त्याच्या हिशेबात नसतो. अंतर राखणाऱ्या क्रूझने ऐंशीवर निवांत निघालेल्या माणसाने हंगामात मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात रात्री तो बंद ठेवावा. दुसरीकडे, दिवसा दुचाकीवाला एकदम समोर घुसला की हाच क्रूझ करकचून ब्रेक दाबतो आणि मागच्याला कारण कळत नाही. अंतराची पट्टी सर्वांत मोठीवर ठेवली तर घुसणारे वाढतात, सर्वांत छोटीवर ठेवली तर धडकी भरते. मधली ठेवावी.

रडार बहुतेक पुढच्या जाळीत किंवा कंपनीच्या चिन्हामागे असतं, कॅमेरा काचेवर मधल्या आरशामागे. चिखल बसला, किडे चिकटले की इशारा येतो आणि सगळ्या सोयी एकदम बंद होतात. ओल्या फडक्याने पुसलं की परत येतात. शनिवारी कुणी हौसेने जाळीला लिंबू-मिरची बांधली, ती नेमकी रडारसमोर लोंबली, तर दृष्ट कुणाला लागते हा वादाचा विषय आहे.

ऐंशीच्या पुढे गेलं की टुंग-टुंग वाजतं, ते बिघाड नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. ऐंशीला अधूनमधून, एकशेवीसला सलग. बंद करायचं बटण नसतं.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या बराच वर असतो, आणि टॉप मॉडेलची निम्मी किंमत जिच्यासाठी मोजतात ती सनरूफ या शहरात वर्षातले चार महिने डोक्यावर ठेवलेला तवा असते. पडदा बंदच ठेवावा. गार हवेच्या सीटेबद्दल एक गैरसमज असतो: सीट स्वतः हवा गार करत नाही, आत पंखा असतो आणि तो गाडीतलीच हवा खेळवतो. तापलेल्या गाडीत बसताच ती लावली तर पाठीला गरम वारा. आधी काचा उघडून मिनिटभर चालवावी, मग एसी, आतली हवा आतच फिरवायचं बटण, आणि गाडी निवली की सीटचा पंखा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय उन्हाळ्यात त्रासाची. कॉम्प्रेसर थांबतो आणि सात रस्त्याला हिरवा दिवा लागेपर्यंत नुसता पंखा फिरतो. बाणाच्या गोलात ए लिहिलेलं बटण दाबलं की ती बंद होते. पावसाचा अंदाज घेणारा वायपर मार्च ते मे ऑटोवरून काढून ठेवावा. धूळ बसलेल्या कोरड्या काचेवर तो एकदा फिरला की काचेवर कायमची कमान उमटते. टायरच्या हवेचा आकडा पडद्यावर दिसतो. सकाळी थंड असताना तेहतीस असलेला दुपारी हमरस्त्यावर सदतीस दाखवेल. हवा सोडायची नाही. पाहायची ती सकाळीच.

हे सगळं गाडी चालू केल्यावरचं. खरी पंधरा मिनिटं द्यावीत ती त्याआधी, शोरूमच्या आवारातच. नंबरप्लेट पाहावी. लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर ती ट्रेड सर्टिफिकेटवरची गाडी, चाचणी आणि प्रात्यक्षिकासाठीची. चार दिवस घरी न्यायला ती घेऊ नये. आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती मागाव्यात. अपघात झाला तर विम्यातून कापली जाणारी रक्कम कोण भरणार हे कागदावर लिहून घ्यावं. खासगी गाडीला १,५०० सीसीपर्यंत हजार आणि त्यावर दोन हजार ही सक्तीची कपात आहेच, पण टॉप मॉडेलचा बंपर म्हणजे सेन्सर, कॅमेरे आणि कधी रडार धरून. काच बदलली तर कॅमेऱ्याची जुळवणीही परत करावी लागते. म्हणून चारी बाजूंनी, चारी अलॉय चाकांचे, आणि किलोमीटर व इंधनाचा काटा दिसेल असे फोटो घ्यावेत. नेल्याची आणि परत केल्याची वेळ लिहून घ्यावी, कारण ई-चलन मालकाच्या नावाने येतं आणि मग कुणाच्या हातात गाडी होती यावरून बोलणी होतात. फास्टॅगही मालकाच्याच खात्याचा. सावळेश्वरला किंवा तामलवाडीला कापलेला टोल कसा द्यायचा ते आधीच ठरवावं. इंधनाच्या झाकणावर पेट्रोल की डिझेल हे स्वतः वाचावं, नाहीतर पंपावर तोंडातून आपल्या जुन्या गाडीचं इंधन निघून जातं. चुकीचं भरलं गेलंच तर स्टार्ट बटणाला हात लावायचा नाही; ते नुसतं दाबलं तरी पंप चालू होऊन तेल पुढे जातं.

मोबाइल जोडला की फोनमधली नावं आणि नंबर गाडीत उतरतात. परत करताना गाडीच्या पडद्यावरून आपला फोन काढून टाकावा, नकाशातलं ‘घर’ पुसावं. एवढं केलं तरी शोरूमच्या अ‍ॅपवर गाडी कुठे उभी होती आणि किती वेगाने गेली हे दिसू शकतं, तेव्हा चार दिवस कुठे हिंडायचं ते त्या हिशेबाने.

चार दिवसांनी आपली जुनी गाडी मिळते. सीट कुणी मागे सरकवली असेल, तर ती क्लचसाठी पुढे घ्यावी. खिशात बदली गाडीचा फोब राहिलाय का ते फाटकाबाहेर पडण्याआधी चाचपावं. पहिला सिग्नल लागतो, उजवा पाय ब्रेकवर सावकाश उतरतो आणि डावा, चार दिवसांत शिकलेला, पायटेकीवर शांत बसून राहतो. गाडी दोन गचके खाऊन बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात. क्लच, न्यूट्रल, चावी.